कूलर थंड हवा का देत नाही?

होळी झाली की विदर्भात माळ्यावरचे आणि गच्चीवरचे कूलर खाली उतरतात. पत्र्यावरचा गंज खरवडला जातो, बाजारातून नव्या ताट्या येतात, पंप बादलीत बुडवून चालतो की नाही ते पाहिले जाते. मग पाऊस येईपर्यंत ती पेटी खिडकीत घरघरत राहते. मराठवाडा आणि खानदेशातही हेच दृश्य दिसते. घरातल्या इतर यंत्रांना काही झाले की आपण मेकॅनिक शोधतो. कूलरची देखभाल मात्र बहुतेक घरांत घरचीच माणसे करतात. याचे कारण त्याची रचना उघडी आणि सोपी आहे. तीन बाजूंना ताट्या, चौथ्या बाजूला पंखा, तळाला पाण्याची टाकी आणि टाकीतले पाणी ताट्यांच्या माथ्यावर चढवणारा छोटा पंप, एवढाच त्याचा संसार.

आणि तरीही मे महिन्यात घरोघरी एकच तक्रार ऐकू येते : ‘यंदा कूलर थंड हवाच देत नाही.’ ताट्या बदलल्या जातात, पंखा बदलला जातो, टाकीत बर्फाच्या लाद्या पडतात. दोष नेमका कूलरचा आहे की बाहेरच्या हवेचा, हा प्रश्न मात्र क्वचितच कोणी विचारतो. त्याचे उत्तर शाळेच्या प्रयोगशाळेतल्या दोन तापमापकांनी मिळू शकते.

आधी तत्त्व पाहू. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला उन्हाळ्यातल्या तापमानाला सुमारे ५८० कॅलरी, म्हणजे २४३० ज्यूल उष्णता लागते. हाच बाष्पनाचा अप्रकट उष्मा. माठात ही उष्णता मुख्यतः माठातल्या पाण्याकडून घेतली जाते, म्हणून पाणी गार होते. कूलरमध्ये ती ओल्या ताटीतून जाणाऱ्या हवेकडून घेतली जाते, म्हणून हवा गार होते. वर्गात इथे एक गोष्ट आवर्जून सांगावी. कूलर उष्णता ‘नाहीशी’ करत नाही आणि एअर कंडिशनरप्रमाणे घराबाहेर नेऊनही टाकत नाही. हवेतली जी उष्णता तापमापकाला कळत होती, तीच आता बाष्पात दडून बसते. हवा गार होते आणि त्याच वेळी दमट होते. हे दोन वेगळे परिणाम नसून एकाच व्यवहाराच्या दोन बाजू आहेत.

हा व्यवहार कुठपर्यंत चालेल? हवा बाष्पाने संपृक्त होईपर्यंत. त्या क्षणी तिचे जे तापमान असेल त्याखाली कोणताही कूलर तिला नेऊ शकत नाही, मग तो कितीही महाग असो. ही तळरेषा मोजायला तापमापकाच्या फुग्याला ओले मलमल गुंडाळून त्यावर पंख्याचा वारा सोडायचा. पारा उतरत उतरत एका ठिकाणी थांबतो. त्याला आपण या लेखापुरते ‘ओले तापमान’ म्हणू. साध्या, कोरड्या तापमापकाचे ते ‘कोरडे तापमान’.

नागपूरची मेमधली दुपार घ्या. कोरडे तापमान ४४ अंश सेल्सिअस, सापेक्ष आर्द्रता १५ टक्के. अशा हवेचे ओले तापमान साधारण २३ अंश निघते. म्हणजे कूलरला खेळायला तब्बल २१ अंशांचे मैदान मिळाले. आता मुंबई घ्या. कोरडे तापमान ३४ अंश, आर्द्रता ६५ टक्के. ओले तापमान सुमारे २८ अंश, मैदान जेमतेम ६ अंशांचे. चांगल्यातला चांगला कूलरही इथे चार-पाच अंशांपलीकडे काही करू शकणार नाही आणि वर खोली चिकट करून ठेवील. नागपुरात २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ अंशांवर गेला होता. अशा दिवशीही तिथे कूलर तग धरतो, कारण हवा तापते तशी ती कोरडीही असते. तोच कूलर पहिल्या पावसानंतर बिघडल्यासारखा वाटतो. बिघडलेली असते ती हवा.

करून पाहा

सारख्या मापाचे दोन तापमापक घ्या. शाळेतल्या तापमापकांत अर्ध्या-एका अंशाचा फरक असतोच, म्हणून दोन्ही आधी एकाच भांड्यातल्या पाण्यात बुडवून फरक लिहून ठेवा. एका फुग्याला धुतलेल्या जुन्या मलमलीची पट्टी गुंडाळून तिचे टोक वाटीतल्या पाण्यात सोडा. दोन्ही तापमापक बाहेर सावलीत टांगा, जमल्यास टेबलफॅन लावा आणि वाचन स्थिरावले की नोंदवा. मग कोरडा तापमापक कूलरच्या जाळीसमोर, जाळीच्या बाहेरून धरा. त्यावर पाण्याचे तुषार उडू देऊ नका, नाहीतर तो आपोआप ‘ओला’ होईल आणि खोटे सांगेल.

समजा बाहेर कोरडे ४४, ओले २३ आणि कूलरच्या तोंडाशी २८ अंश मिळाले. कूलरने हवा १६ अंशांनी उतरवली, उतरवता येण्यासारखी होती २१ अंशांनी. १६ भागिले २१, म्हणजे सुमारे ७६ टक्के. ही कूलरची कार्यक्षमता. लाकडी तंतूंच्या बऱ्या ताट्या ७० ते ८० टक्के देतात. कागदी पुठ्ठ्याच्या जाड हनीकोम्ब ताट्या नव्या असताना त्याहून अधिक देतात. आकडा ६० च्या खाली गेला तर दोष कूलरमध्ये शोधायला लागा. आकडा ७५ आहे आणि तरीही उकडते आहे, तर पैसे खर्च करून उपयोग नाही. त्या दिवशीची हवाच तेवढी देणार आहे.

ताट्या आणि क्षार

ओल्या ताट्यांची युक्ती फार जुनी. अकबराच्या काळी वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारून खोल्या थंड करत असल्याची नोंद ‘आइन-इ-अकबरी’त आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्रज साहेबांच्या बंगल्यांत हाताने फिरवायच्या पंख्याची पेटी खिडकीत बसवून तिच्या ताट्या भिजवत ठेवत. अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या वाळवंटी भागात १९३० च्या दशकात विजेचा पंखा आणि ॲस्पेन झाडाच्या लाकडाचे बारीक तंतू वापरून आजच्यासारखे कूलर रूढ झाले. आपल्याकडे वाळ्याची जागा आता बहुतांशी लाकडी तंतूंनी घेतली आहे. वास गेला, पण खर्च वाचला.

या तंतूंचा एक दुर्गुण आहे. भिजून जड झाले की ते जाळीत खाली बसतात आणि माथ्याशी चार बोटांची फट पडते. हवा आळशी असते. दाट ओल्या तंतूंतून वाट काढण्यापेक्षा तिला ती मोकळी फट आवडते. समजा आत येणाऱ्या हवेपैकी चौथा हिस्सा फटीतून ४४ अंशांचाच आला आणि उरलेली ताटीतून २८ अंशांना आली, तर मिश्रण ३२ अंशांचे होते. एका फटीने ४ अंश खाल्ले. यासाठी नव्या ताट्या आणायची गरज नाही. ताटी काढून तंतू हाताने पिंजायचे, वरच्या बाजूला थोडे जास्त भरायचे आणि बांधायचे. तंतू भरताना दाबून कोंबू नये. मग हवाच जात नाही आणि पंखा नुसता गुरगुरतो.

दुसरी जागा म्हणजे ताट्यांच्या माथ्यावरची पाण्याची नळी किंवा पन्हाळी. तिची भोके बुजली की त्याखालचा ताटीचा पट्टा कोरडा राहतो. कूलर चालवून अर्ध्या तासाने ताट्यांकडे बाहेरून पाहिले तर फिकट कोरडे पट्टे लगेच दिसतात. कूलरचा प्लग काढून दाभणाने भोके मोकळी करावीत. ती बुजवतात पाण्यातले क्षार आणि हे क्षार किती असतात याचा हिशेब विद्यार्थ्यांकडून करून घेण्यासारखा आहे.

मध्यम आकाराचा कूलर तासाला २००० घनमीटर हवा ओढतो असे धरू. तिचे वजन साधारण २१०० किलो. एक किलो हवा एक अंशाने थंड करायला जवळजवळ १ किलोज्यूल उष्णता काढावी लागते. १६ अंशांसाठी झाले ३३,६०० किलोज्यूल. एक लिटर पाण्याची वाफ २४३० किलोज्यूल घेते. म्हणजे तासाला जवळपास १४ लिटर आणि दिवसाचे दहा तास धरले तर १४० लिटर पाणी हवेत जाते. (मोटर आणि पंप मिळून दोन-अडीचशे वॅट घेत असतात, तेव्हा हवेची उष्णता नऊ हजारांहून अधिक वॅट या दराने बाष्पात जात असते. कूलर स्वस्तात का चालतो ते यावरून कळेल आणि टंचाईच्या गावात तो महाग का पडतो तेही.)

आता पाणी उडते, क्षार उडत नाहीत. पाण्यात लिटरला ५०० मिलिग्रॅम क्षार असतील तर १४० लिटरमागे ७० ग्रॅम क्षार दररोज मागे राहतात, महिन्याला २ किलोहून अधिक. टाकी ६० लिटरची असेल आणि आपण नुसते वरून पाणी भरत राहिलो, तर हिशेबाने महिन्याअखेरीस लिटरमागे ३५ ग्रॅम क्षार होतात. समुद्राचे पाणी साधारण इतकेच खारट असते! प्रत्यक्षात ही वेळ येत नाही, कारण चुन्याचे क्षार त्याआधीच ताट्यांवर, नळीत आणि पंपाच्या पात्यांवर पांढरे पुट होऊन बसतात. बोअरवेलच्या पाण्यात क्षार याहून बरेच जास्त असू शकतात. तंतू कडक, ठिसूळ आणि पांढरे होतात, नीट भिजेनासे होतात आणि आपण म्हणतो, ताटी ‘मेली’.

उपाय एकच : टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करायची. उरलेले पाणी झाडांना घालताना जरा विचार करा. पाणी फार खारट झाले असेल तर कुंडीतल्या रोपांपेक्षा ते अंगण धुवायला बरे. पंपावरचे पुट चाकूने खरवडू नये. लिंबूसत्त्वाच्या कोमट द्रावणात पंपाची जाळी आणि पाते तासभर ठेवले की कार्बोनेट बुडबुडे सोडत विरघळते. आम्ल आणि कार्बोनेट यांच्या अभिक्रियेचे इतके घरगुती उदाहरण दुसरे मिळायचे नाही.

नवतपाच्या दिवसांत टाकीत बर्फ टाकण्याची पद्धत आहे. तिचाही हिशेब पाहू. ५ किलो बर्फ वितळून त्याचे पाणी २३ अंशांपर्यंत येताना सुमारे २१५० किलोज्यूल घेते. कूलर तासाला ३३,६०० किलोज्यूल काढतो आहे. तेव्हा बर्फाने भर घातली ती कूलरच्या चार मिनिटांच्याही कामाएवढी नाही. उलट बाजूने, गच्चीवरच्या टाकीतले तापलेले पाणी घातल्याने कूलर बिघडतो ही भीतीही फोल आहे. ६० लिटर पाणी ४५ अंशांवरून २३ अंशांवर यायला साधारण दहा मिनिटांचे काम वाया जाते, एवढेच. कूलर तासभर चालल्यावर प्लग काढून टाकीतल्या पाण्याचे तापमान घ्या. ते ओल्या तापमानाच्या अगदी जवळ आलेले दिसेल.

खिडकी बंद की उघडी?

एअर कंडिशनरच्या सवयीने पुष्कळ लोक कूलर लावला की दारे-खिडक्या बंद करतात. यासारखा घोटाळा दुसरा नाही. एअर कंडिशनर खोलीतलीच हवा फिरवतो. कूलर बाहेरची हवा आत ढकलतो आणि तेवढीच हवा बाहेर गेली पाहिजे. वाट नसेल तर पंख्याचा जोर वाया जातो आणि खोलीतली आर्द्रता वाढत राहते. कूलर खोलीच्या आत ठेवला तर आणखी वाईट. तो आपलीच दमट हवा पुन्हा ओढतो, त्या हवेची दोन तापमाने जवळ येतात आणि मैदान आक्रसत जाते.

कूलरसमोरच्या भिंतीतली खिडकी किंवा दार उघडे ठेवा. तिथे उदबत्ती धरून पाहा, धूर बाहेर जायला हवा. त्याहून चांगली गोष्ट म्हणजे, हवेची बाहेर जायची वाट आपण निवडू शकतो. बैठकीत कूलर आहे आणि तिथल्या खिडक्या लावून मागच्या खोलीची खिडकी वीतभर उघडली, तर गार हवेला मधली खोली ओलांडूनच बाहेर पडावे लागते. रात्री ती खिडकी बंद करून दुसऱ्या खोलीची उघडली की थंडावा तिकडे वळतो. एकाच कूलरवर सगळे घर निभावणारी कुटुंबे हेच करतात, फक्त त्यामागचे कारण बोलून दाखवत नाहीत.

पाणी, पत्रा आणि वीज

आता सर्वांत महत्त्वाचे. दर उन्हाळ्यात कूलरचा धक्का लागून माणसे दगावल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत येतात, त्यांत लहान मुले आणि पाणी भरणाऱ्या गृहिणी असतात. पत्र्याची पेटी, तिच्यात पाणी, पाण्यात बुडालेला विजेचा पंप आणि भोवती ओली फरशी, अशी जोडणी घरात दुसरीकडे कुठे नसते.

पंपाचे किंवा मोटरचे आवरण कुठे तडकले की पत्र्यात २३० व्होल्ट उतरतात. कोरड्या त्वचेचा रोध हजारो ओहम असतो, पण ओले हात आणि ओल्या फरशीवरचे अनवाणी पाय धरले तर शरीराचा एकूण रोध १००० ओहमपर्यंत खाली येऊ शकतो. ओहमचा नियम लावा : २३० भागिले १०००, म्हणजे ०.२३ अँपिअर किंवा २३० मिलिअँपिअर. दहा-वीस मिलिअँपिअरला स्नायू आखडतात आणि धरलेला पत्रा सोडता येत नाही. पन्नास ते शंभर मिलिअँपिअर सेकंदभर वाहिले तर हृदयाचा ठेका बिघडू शकतो.

‘पण आमच्याकडे फ्यूज आहे!’ विद्यार्थी हे हमखास म्हणतील. फ्यूज ५ अँपिअरचा, खटका ६ किंवा १६ अँपिअरचा. ०.२३ अँपिअरला तो ढिम्म हलणार नाही. फ्यूज तारेला वाचवण्यासाठी असतो, माणसाला नाही. माणसाला वाचवतात दोन गोष्टी. पहिली अर्थिंग. पत्रा जाड हिरव्या तारेने जमिनीला जोडलेला असेल आणि त्या वाटेचा रोध ५ ओहम असेल, तर दोष निर्माण होताच ४६ अँपिअर वाहतात आणि फ्यूज क्षणार्धात वितळतो. पण उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा वाळून रोध १०० ओहम झाला असेल तर? २.३ अँपिअर वाहत राहतात, फ्यूज शाबूत आणि पत्रा जिवंत. म्हणून दुसरी गोष्ट हवी : गळतीचा विद्युतप्रवाह ओळखणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी. तो जाणारा आणि परतणारा प्रवाह यांची तुलना करतो आणि ३० मिलिअँपिअरचा फरक पडला तरी सेकंदाच्या लहानशा भागात वीज तोडतो. त्यावर चाचणीचे बटण असते, ते महिन्यातून एकदा दाबून पाहावे. अर्थिंग आणि आरसीसीबी दोन्ही असतील तर कोणी पत्र्याला हात लावण्याआधीच वीज जाते.

घरची एक तपासणी विद्यार्थीही करू शकतील. कूलरचा प्लग सॉकेटमधून पूर्ण बाहेर काढा. टॉर्चचा सेल, छोटा बल्ब आणि दोन तारा घेऊन एक टोक प्लगच्या जाड पिनेला आणि दुसरे टोक पत्र्यावर रंग खरवडलेल्या जागी लावा. बल्ब लागला पाहिजे. नाही लागला तर अर्थिंगची तार आतून सुटलेली आहे किंवा मुळात जोडलेलीच नाही, आणि असे कूलर थोडे नाहीत. या चाचणीने फक्त कूलरची बाजू कळते. भिंतीतल्या सॉकेटची आणि खड्ड्याची तपासणी वायरमनकडूनच करून घ्यावी. टेस्टरचा दिवा लागला नाही म्हणजे पत्रा सुरक्षित, असे समजू नये.

पाणी भरताना, ताटी काढताना, टाकीत हात घालताना बटण बंद करणे पुरेसे नाही, प्लग काढावा. कित्येक घरांत बटण चुकून न्यूट्रलवर जोडलेले असते. मग बटण बंद केले तरी पंपापर्यंत वीज पोचलेलीच राहते. पेटी प्लास्टिकची असली तरी नियम तोच, कारण पाणी प्लास्टिकचे नसते. टाकी कोरडी पडल्यावर पंप चालू ठेवू नये. पंपाला थंड ठेवते ते भोवतीचे पाणीच. ते नसले की गुंडाळी तापते, तिचे आवरण भाजते आणि उद्याच्या धक्क्याची तयारी होते. पंखा नुसता गुणगुणतो आणि काडीने ढकलल्यावर फिरतो, तर बहुधा कपॅसिटर कमजोर झाला आहे. तो स्वस्तात बदलून मिळतो, पण प्लग काढल्यावरही त्यात विद्युतभार राहू शकतो, म्हणून हे काम जाणकाराकडे द्यावे.

हंगाम संपल्यावर

आठवड्याला टाकी रिकामी करण्याचे आणखी एक कारण आहे. डेंगीचा प्रसार करणारा एडिस डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला त्याला उन्हाळी-पावसाळी हवेत आठवडा ते दहा दिवस लागतात. आरोग्य खाते आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला सांगते ते याच मोजणीवरून. पण नुसते पाणी ओतून दिल्याने काम होत नाही. एडिसची मादी अंडी पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, टाकीच्या ओलसर भिंतीला चिकटवते. ती काळी, बारीक, डोळ्यांना जेमतेम दिसणारी अंडी कोरड्यात काही महिने टिकतात आणि पाणी वर चढले की उबतात. टाकीच्या कडा काथ्याने किंवा ब्रशने घासून काढाव्या लागतात.

कूलरचे खरे दुर्लक्षित दिवस पावसाळ्यात सुरू होतात. ढग आले, हवा दमट झाली, कूलर बंद पडला आणि खिडकीतच राहिला. तळात दोन बोटे पाणी उरलेले असते, पावसाने त्यात भर पडते आणि जुलै ते ऑक्टोबर तिकडे कोणी पाहत नाही. म्हणून पहिल्या चांगल्या पावसानंतर एका सुटीच्या दिवशी प्लग काढा, टाकी रिकामी करून घासा, पंप धुऊन वाळवा, तंतूंच्या ताट्या फेकून द्या किंवा कडकडीत वाळवा आणि पेटी तळाचे बूच उघडे ठेवून, किंचित कललेली, छपराखाली ठेवा. पुढच्या होळीला ती उतरवाल तेव्हा पाणी भरण्याआधी टाकीच्या भिंती पुन्हा एकदा घासा आणि सेल-बल्बची तपासणीही त्याच वेळी करून घ्या.